एकट्या खलाशाचे तीन नांगर

शेतकरी जमीन ज्याने फोडतो त्या अवजाराला मराठीत नांगर म्हणतात आणि जहाज एका जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यालाही नांगरच म्हणतात. शेतकऱ्याचा नांगर माती उलथीत पुढे सरकला पाहिजे. खलाशाचा नांगर मात्र एकदा रुतला की जागचा हलता कामा नये. तो हलला तर काय अनर्थ ओढवतो, हे कॅप्टन जोशुआ स्लोकमने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पाहिले होते. पुढे याच स्लोकमने एका लहानशा शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. १८९५ ते १८९८ या काळातील ही सफर एकट्या माणसाने केलेली जगातील पहिली सागरी पृथ्वीप्रदक्षिणा मानली जाते. त्याच्या धाडसाचे पोवाडे पुष्कळ गायले गेले. ते धाडस किती हिशेबी होते, याची साक्ष मात्र त्याच्या 'स्प्रे' या नौकेवरचे तीन नांगर देतात.

बुटांच्या दुकानातून समुद्रावर

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात माउंट हॅन्ली या गावी झाला. अकरा भावंडांत त्याचा क्रमांक पाचवा. आईचे वडील दीपगृहाचे रखवालदार होते. स्लोकम लहान असतानाच कुटुंब ब्रायर बेटावर राहायला आले आणि तेथे वडिलांनी कोळ्यांसाठी बूट शिवण्याचे दुकान थाटले. चामड्याच्या वासात दिवस काढणाऱ्या या मुलाचे लक्ष खिडकीबाहेरच्या समुद्राकडे असे. चौदाव्या वर्षी तो घरातून पळाला आणि मासेमारीच्या एका गलबतावर स्वयंपाक्या म्हणून रुजू झाला. ती नोकरी टिकली नाही व त्याला घरी परतावे लागले. मात्र १८६० मध्ये आईचे निधन झाले आणि सोळा वर्षांच्या जोशुआने घर कायमचे सोडले.

त्याचे शालेय शिक्षण तुटपुंजे होते. नौकानयनाचे शास्त्र त्याने जहाजावर काम करता करता आत्मसात केले. अठराव्या वर्षाच्या सुमारास तो ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अधिकारी झाला होता. त्यानंतर त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि सॅन फ्रान्सिस्को बंदरातून कप्तान म्हणून कारकीर्द सुरू केली. तो काळ शिडांच्या जहाजांच्या वैभवाचा होता, पण त्याच वेळी क्षितिजावर वाफेच्या जहाजांचा धूर दिसू लागला होता.

अलास्काच्या किनाऱ्यावरील धडा

जानेवारी १८७१ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे स्लोकमचा व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी विवाह झाला. तेव्हा तो 'वॉशिंग्टन' या जहाजाचा कप्तान होता. नववधूला बरोबर घेऊनच तो साल्मन माशांच्या मोहिमेसाठी अलास्काकडे निघाला. कुक इनलेट या खाडीत, कासिलोफ नदीच्या परिसरात त्याने नांगर टाकला. मासेमारी सुरू असतानाच वादळ उठले. वाऱ्याच्या जोराने जहाज नांगरासकट ओढले गेले, किनाऱ्यावर आदळले आणि निकामी झाले.

स्लोकमने धीर सोडला नाही. पत्नी, खलाशी आणि पकडलेल्या मासळीचा मोठा भाग त्याने जहाजावरील उघड्या होड्यांतून सुखरूप परत आणला. मालकांनीही त्याच्यावर ठपका न ठेवता त्याच्या हाती दुसरे जहाज सोपवले. मात्र भर समुद्रात तग धरणारे जहाज किनाऱ्यालगत एका लोखंडी आकड्याच्या पकडीवर अवलंबून असते, हे त्याला ऐन तारुण्यात कळून चुकले.

ही पकड केवळ वजनावर ठरत नाही. नांगर समुद्रतळाला आडवा ओढला गेला तरच त्याचा फाळ रुतत जातो. वरच्या दिशेने ओढ बसली की तो उपटला जातो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब दोर किंवा साखळी सोडावी लागते. साखळीला तिपटी-चौपटीपासून पुढे, तर नुसत्या दोराला सातपटीपर्यंत लांबी लागते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. साखळी जड असल्याने ती तळावर पडून राहते आणि ओढ आडवी ठेवते. दोर हलका असतो, पण खडकावर घासून तुटतो. तळ चिखलाचा किंवा घट्ट वाळूचा असेल तर नांगर चांगला धरतो. खडकाळ तळावर तो एक तर अडकून बसतो किंवा नुसताच घसरत जातो. त्या काळच्या नांगराला दोन फाळ आणि त्यांच्याशी काटकोनात एक आडवी दांडी असे. तळावर पडल्यावर ही दांडी नांगराला कलते करून एक फाळ खाली वळवी.

वैभव आणि पडझड

पुढची तेरा वर्षे व्हर्जिनिया पतीसोबत समुद्रावरच राहिली. तिची मुले जहाजावर किंवा परक्या बंदरांत जन्मली. स्लोकमची भरभराट होत गेली आणि 'नॉर्दर्न लाइट' या भव्य जहाजाचा कप्तान व भागीदार होण्यापर्यंत तो पोहोचला. त्यानंतर त्याने 'अॅक्विडनेक' हे स्वतःचे जहाज घेतले. जुलै १८८४ मध्ये हे जहाज ब्युनोस आयर्स येथे असताना व्हर्जिनियाचे निधन झाले. तिला त्याच शहरात दफन करण्यात आले. या आघातातून स्लोकम पूर्णपणे कधीच सावरला नाही, असे त्याच्या निकटवर्तीयांचे मत होते.

१८८६ मध्ये त्याने हेन्रिएटा एलियट हिच्याशी दुसरा विवाह केला. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या पारानाग्वा उपसागरात 'अॅक्विडनेक' वाळूच्या दांड्यावर रुतले आणि फुटले. पत्नी व दोन मुलांसह परक्या देशात अडकलेल्या स्लोकमने ३५ फुटांची एक नौका स्वतःच्या हातांनी बांधली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली त्याच दिवशी, म्हणजे १३ मे १८८८ रोजी ती पाण्यात उतरली. म्हणून तिचे नाव 'लिबर्दादे', अर्थात स्वातंत्र्य, असे ठेवण्यात आले. या नौकेने साडेपाच हजार मैलांचे अंतर सुमारे ५५ दिवसांत कापले आणि कुटुंबाला अमेरिकेत पोहोचवले.

परतल्यावर त्याला काम मिळेना. शिडाच्या जहाजांचे दिवस सरले होते. पन्नाशीकडे झुकलेल्या, हाती दुसरी कोणतीही विद्या नसलेल्या कप्तानाला कोणी विचारीत नव्हते.

शेतात उभी असलेली नौका

१८९२ मध्ये इबन पीअर्स या निवृत्त कप्तानाने स्लोकमला एक नौका देऊ केली. मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे एका शेतात टेकू लावून उभी केलेली, कालवे गोळा करण्यासाठी वापरली गेलेली ती 'स्प्रे' पुरती मोडकळीला आली होती. स्लोकमने ओकची झाडे तोडून एकेक फळी बदलली. तेरा महिन्यांचे श्रम आणि ५५३ डॉलर ६२ सेंट एवढ्या खर्चातून नवी 'स्प्रे' उभी राहिली. तिची लांबी ३६ फूट ९ इंच आणि रुंदी १४ फूट २ इंच होती. नौका स्थिर राहावी म्हणून तळात सिमेंटचे निरम घालून ते घट्ट आवळले होते.

नांगरांचा प्रश्न त्याने विचारपूर्वक सोडवला. 'स्प्रे'वर तीन नांगर होते. त्यांची वजने ४० पौंड, १०० पौंड आणि १८० पौंड, म्हणजे अनुक्रमे सुमारे १८, ४५ आणि ८२ किलो. पैकी ४० पौंडांचा नांगर आणि नांगर ओढण्याचा रहाट जुन्या 'स्प्रे'वरचेच होते. बाकी जवळजवळ सारी नौका नवी झाली, तरी या दोन वस्तू त्याने जपून ठेवल्या.

या तीन आकड्यांत एकट्या खलाशाचा सारा पेच सामावला आहे. नांगर निवडायचा तो रोजच्या दिवसासाठी नव्हे, तर सर्वांत वाईट रात्रीसाठी. त्या हिशेबाने तो जितका जड तितका चांगला. पण जड नांगर उचलायला माणसे लागतात आणि येथे तर एकच माणूस होता. नांगर सुटताच नौका वाहू लागते. त्या क्षणी कोणीतरी सुकाणूवर, कोणीतरी शिडापाशी आणि कोणीतरी रहाटापाशी असावे लागते. एकट्याला ही तिन्ही कामे धावत करावी लागतात. शिवाय नाळेकडे फार वजन ठेवले की नौका लाटेत डोके खुपसते. म्हणून शांत पाण्यात झटपट टाकण्या-उचलण्यासाठी हलका नांगर, नेहमीच्या मुक्कामासाठी मधला आणि वादळासाठी भारी, अशी विभागणी लहान नौकांवर सोयीची ठरते. भारी नांगर हाताने उचलणे शक्य नसले, तरी रहाटाच्या साह्याने एक माणूसही तो हळूहळू वर घेऊ शकतो. जुना रहाट जपून ठेवण्यामागे केवळ हळवेपणा नव्हता.

२४ एप्रिल १८९५ रोजी ५१ वर्षांच्या स्लोकमने बोस्टन सोडले. वाटेत ग्लॉस्टर बंदरात त्याने एक टाकाऊ होडके मिळवले. पुरते होडके 'स्प्रे'वर मावेना आणि एकट्याला उचलवेनाही. म्हणून त्याने ते मधोमध आडवे कापले आणि कापलेली बाजू फळ्यांनी बंद केली. हे अर्धे होडके किनाऱ्यावर जाण्यासाठी उपयोगी पडे आणि एरवी कपडे धुण्याचे टोपलेही होई. हेच होडके पुढे त्याच्या जिवावर बेतणार होते.

उरुग्वेच्या वाळूत

जुलैच्या आरंभी नोव्हा स्कॉशियाचा किनारा मागे टाकून स्लोकमने अटलांटिक ओलांडला. सुएझमार्गे पूर्वेकडे जाण्याचा त्याचा बेत होता. परंतु भूमध्य समुद्रातील चाच्यांबद्दल जिब्राल्टर येथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सावध केल्यावर त्याने दिशा बदलली आणि पुन्हा अटलांटिक ओलांडून तो दक्षिण अमेरिकेकडे वळला.

डिसेंबर १८९५ मध्ये उरुग्वेच्या किनाऱ्याजवळून जाताना उलटा प्रवाह टाळण्यासाठी त्याने नौका जमिनीच्या फार जवळून हाकली. चांदण्यात वाळूच्या टेकड्यांनी अंतराचा अंदाज चुकवला आणि पहाटेपूर्वी 'स्प्रे' वाळूत रुतली. अशा वेळी लहान होडक्यातून नांगर खोल पाण्यात नेऊन टाकायचा आणि त्याच्या दोरावर नौका खेचून घ्यायची, हा खलाशांचा जुना उपाय. स्लोकमने आधी लहान नांगर नेऊन टाकला. पण ओहोटी लागली होती आणि नौका हलेना. मग मोठा नांगर नेणे भाग पडले.

नांगर आणि सारा दोर एकदम चढवताच ते अर्धे होडके फेसाळत्या लाटांत भरून गेले. स्लोकमने दोर कापून दोन खेपा करण्याचे ठरवले. पहिल्या खेपेत ४० वाव दोर बांधलेला नांगर घेऊन तो लाटांपलीकडे पोहोचला, तोवर होडके काठोकाठ भरले होते आणि बुडत होते. त्याने वल्ही सोडली, उभा राहिला, नांगर डोक्यावर उचलला आणि दूर फेकला. त्याच क्षणी होडके उलटले. उलट्या होडक्याची कड हाती धरल्यावर त्याला आठवले की आपल्याला पोहता येत नाही. जगभर समुद्रावर वावरलेला हा कप्तान पोहायला कधी शिकलाच नव्हता.

होडके सरळ करण्याचे प्रयत्न फसत गेले. पालथ्या होडक्याला धरून तो लाटांत हेलकावे खात राहिला. अखेर ते सरळ झाले आणि हाती लागलेल्या एका वल्ह्याच्या आधारे तो अर्धमेल्या अवस्थेत किनाऱ्याला लागला. एवढे होऊनही पुढचे काम बाकी होते. उरलेला दोर आणि साखळी जोडून नांगरापासून नौकेपर्यंत आणल्यावर ती रहाटाला जेमतेम एक वेढा घालण्यापुरती पुरली. नांगर हातभर जरी लांब पडला असता, तरी सारे श्रम वाया गेले असते. मग दोर ताणून तो भरतीची वाट पाहत बसला. भरती आली, नांगराने धरून ठेवले आणि नौका मोकळी झाली. तळाला झालेली इजा माँटेव्हिडिओ बंदरात दुरुस्त करण्यात आली.

पुढचा मुक्काम ब्युनोस आयर्स हा होता. व्हर्जिनियाला तेथे दफन करून अकरा वर्षे लोटली होती. दक्षिणेकडील वादळांचा विचार करून स्लोकमने या बंदरात डोलकाठी सात फुटांनी आखूड केली.

मॅगेलनच्या सामुद्रधुनीत

फेब्रुवारी १८९६ मध्ये 'स्प्रे' मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरली. नांगराची खरी कसोटी अशाच जागी लागते. डोंगरउतारावरून अवचित कोसळणारे वारे तेथे क्षणात नौका आडवी करतात. किनाऱ्यालगतच पाणी अतिशय खोल असल्याने नांगर टाकण्याजोगी जागा क्वचित सापडते. जेथे तळ लागतो तेथे केल्प या अजस्र सागरी वनस्पतीचे रान माजलेले असते. नांगराचा फाळ तिच्यात गुरफटला की तळापर्यंत पोहोचतच नाही.

शिवाय धोका केवळ निसर्गाचा नव्हता. त्या प्रदेशातील मूळ रहिवासी आणि बाहेरून आलेले वसाहतवाले यांच्यात वैर पेटलेले होते. एकट्या माणसाची नांगरलेली नौका ही सहज हाती लागणारी लूट होती. पुंता अरेनास येथे एका कनवाळू कप्तानाने स्लोकमला गालिचे ठोकण्याच्या चुकांची पिशवी दिली होती. झोपण्यापूर्वी तो त्या चुका नौकेच्या पृष्ठभागावर टोके वर करून पसरू लागला. एका रात्री अनवाणी पायांनी चढलेल्या हल्लेखोरांच्या किंकाळ्यांनी त्याला जाग आली, आणि ते पळून गेले. नांगर नौकेला जागेवर धरतो म्हणून एकट्या खलाशाला झोप घेता येते, पण तोच नांगर त्याला एका जागी खिळवूनही ठेवतो.

पॅसिफिकमध्ये पाऊल टाकताच एका भयंकर वादळाने त्याला पुन्हा मागे, खडकांनी भरलेल्या 'मिल्की वे' नावाच्या पाण्यात लोटले. तेथून वाचल्यावर सामुद्रधुनीचा काही भाग त्याला दुसऱ्यांदा पार करावा लागला. पोर्ट अँगोस्टो येथून निघण्याचे प्रयत्न वारंवार फसले. नांगर उचलायचा, बाहेर पडायचे, वाऱ्याने परत फिरायचे आणि पुन्हा नांगर टाकायचा, हा क्रम चालू राहिला. १३ एप्रिल १८९६ रोजी मात्र तो निसटला.

घराकडे

त्यानंतरचा प्रवास तुलनेने सुखाचा झाला. हुआन फर्नांडिस बेटापासून सामोआपर्यंत त्याने ७२ दिवस कोठेही नांगर टाकला नाही. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मुक्काम करून तो हिंदी महासागरात आला. कोकोस बेटांपर्यंतचे २,७०० मैल त्याने २३ दिवसांत कापले. त्यात त्याला सुकाणूवर जेमतेम तीन तास बसावे लागले, इतकी 'स्प्रे' आपली दिशा आपणच राखी. दक्षिण आफ्रिका आणि सेंट हेलेना या मार्गाने अटलांटिक तिसऱ्यांदा ओलांडून २७ जून १८९८ रोजी तो अमेरिकेतील न्यूपोर्टला पोहोचला. सुमारे ४६,००० मैलांचा हा प्रवास तीन वर्षांहून अधिक काळ चालला होता. अमेरिका-स्पेन युद्ध सुरू असल्याने बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरलेले होते. स्लोकम खडकांच्या कडेकडेने मोठी जहाजे जाऊ शकत नाहीत अशा पाण्यातून आत शिरला.

३ जुलै रोजी तो फेअरहेवनला गेला आणि 'स्प्रे' प्रथम पाण्यात उतरवताना जिला बांधली होती, त्याच देवदाराच्या मेखेला त्याने तिला बांधले.

या प्रवासावरील त्याचे 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड' हे पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले आणि गाजले. त्या पैशातून त्याने मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतले. आयुष्यात प्रथमच त्याला जमिनीत चालणारा नांगर मिळाला, पण त्यात त्याचे मन रमले नाही. दर हिवाळ्यात तो 'स्प्रे' घेऊन वेस्ट इंडीजकडे जाऊ लागला. उत्तरायुष्यावर एक डागही पडला. १९०६ मध्ये न्यू जर्सीत एका बारा वर्षांच्या मुलीशी असभ्य वर्तन केल्याच्या आरोपावरून त्याला ४२ दिवस तुरुंगात काढावे लागले. आरोप नाकारण्यासाठी तो लढला नाही.

नोव्हेंबर १९०९ मध्ये पासष्ट वर्षांचा स्लोकम दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको आणि अॅमेझॉन या नद्यांच्या शोधासाठी एकटाच निघाला. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही. १९२४ मध्ये न्यायालयाने त्याला मृत घोषित केले.

त्याच्यानंतर नांगरही बदलले. १९३३ मध्ये जेफ्री टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेतातल्या फाळासारखा दिसणारा नांगर तयार केला. कमी वजनात अधिक पकड देणारा हा नांगर लहान नौकांवर सर्वदूर रुळला. स्लोकमने घालून दिलेली वाटही रिकामी राहिली नाही. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघालेले भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या ५६ फुटी नौकेतून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.

'स्प्रे'चे काय झाले, हे गूढच राहिले. वादळ, आग किंवा रात्रीच्या अंधारात एखाद्या वाफेच्या जहाजाची धडक, असे अनेक तर्क झाले. नौकेची एक फळीही सापडली नाही. स्लोकमने मोडक्या नौकेतून वाचवलेला तो चाळीस पौंडांचा जुना नांगरही तिच्याबरोबर गेला.